दोनवर अडकलेला व्हॉल्यूम

जयवंत खैरनार मूळचा धुळ्याचा, पण वीस वर्षं सिल्वासाजवळच्या मसाटच्या सूत कारखान्यात मेन्टेनन्स करून करून तो आता अर्धा मशीनच झाला आहे, असं त्याची बायको मृणाल म्हणते. खोटं नाही. कारखान्यात शिस्त अशी, की मशीनचं सेटिंग एकदा जमलं की मार्करने खूण करायची, वर चिकटपट्टी मारायची, आणि मग कुणाच्या बापाने त्याला हात लावायचा नाही. हीच शिस्त या पठ्ठ्याने सामरवरणीच्या फ्लॅटमध्येही आणली. गिझर, मिक्सर, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांना पट्ट्या. मृणालच्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायरही त्यातून सुटला नव्हता.

तो तिने नाशिकला असताना पहिल्या पगारातून घेतलेला. लग्नानंतर सिल्वासात आला, थोडे दिवस वाजला, आणि मग कपाटावर चढला तो चढलाच. मुलगी जुई झाली, मृणालला शाळेत नोकरी लागली. हिची आवड सरली असेल, असं जयवंतने धरून टाकलं. मनातून मात्र त्याला फार वाईट वाटायचं, कारण गडी भाळला होता तोच मुळी तिच्या वाजवण्यावर.

आणि या मंगळवारी काय व्हावं? शाळेच्या मुख्याध्यापिका नलिनी मॅडम शनिवारी निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या निरोप समारंभात मृणालने चक्क गिटार वाजवायचं कबूल केलं! जयवंतने उड्या मारायच्याच बाकी ठेवल्या. अ‍ॅम्प्लिफायर खाली उतरवला, पुसला, प्लग लावला. मृणालने व्हॉल्यूमचं बटण धरलं, ते वाळक्या पट्टीसकट जरासं हललं, आणि पत्र्यावर खडी ओतल्यासारखी खर्रर्र अशी खरखर सुरू झाली.

"राहू द्या हो," ती गिटार खोळीत घालत म्हणाली. "मी आपलं भाषण करीन."

"भाषण? छे! शनिवारच्या आत ठणठणीत करून देतो."

या वेळी हिने गिटार ठेवली तर पुन्हा उचलायची नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने चिंधाभाऊंना गाठलं. चिंधाभाऊ कारखान्यातले सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन; गावातल्या भजनी मंडळाचे भोंगेही तेच दुरुस्त करतात.

"गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर खरखरतोय. बटणं नवीन टाकावी म्हणतो," जयवंत म्हणाला.

"नवीन कशाला? आतले कॉन्टॅक्ट काळे पडले असतील. शेवटचं फिरवलं कधी?"

"फिरवायचा प्रश्नच नाही भाऊ. सेटिंग करून चिकटपट्टी मारलीय. सतरा वर्षं झाली."

चिंधाभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि पोट धरून हसले. "अरे येड्या! फिरत राहिलं की ते आपोआप घासून साफ होतं. तू सतरा वर्षं दाबून ठेवलंस, ते ओरडेल नाहीतर काय करेल? कॉन्टॅक्ट क्लीनर आण. आणि आपला तो गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नको बरं, धूळ चिकटून बसेल."

म्हणजे बिघाड खुद्द मेन्टेनन्सवाल्यानेच केलेला! जयवंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्याने प्लग काढून ठेवला आणि पट्टी सोलायला घेतली. मृणाल बॅटरी धरून शेजारी. पट्टीवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'व्हॉल्यूम २. हात लावू नये.'

"दोन?" जयवंत पुटपुटला. "एवढा कमी ठेवला होता मी?"

"जुई झोपायची ना तेव्हा."

"जुई तर आता पुण्याला हॉस्टेलात आहे!"

"हे मला सांगताय?" मृणाल हसली, मग हळूच म्हणाली, "दोनवर गिटार वाजते का हो? उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटायचं. म्हणून सोडलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लिहून ठेवलं होतंत ना. मला वाटलं, तुम्हाला आवाज नको."

जयवंतला सरळ रडूच आलं. त्याने खाली मान घालून स्क्रू काढले, पाचही बटणांमागच्या बारीक फटींतून क्लीनर मारलं आणि बाजूला सरकला. "फिरव. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पन्नास वेळा." तिने पाचही बटणं फिरवली, मोजत, चिडवत, बोटं दुखेपर्यंत. नीट वाळू दिल्यावर प्लग लावला. खरखर नावालाही नव्हती.

शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये मृणालने व्हॉल्यूम थेट सातवर नेला. पहिली तार वाजली तशी मागच्या रांगेतली मुलं दचकून उभीच राहिली. ती वाजवत होती आणि जयवंत कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांच्या आधी, भलत्याच जागी टाळ्या वाजवत होता.

कार्यक्रम संपल्यावर नलिनी मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले. "अगं, इतकी वर्षं आमच्याजवळ आहेस आणि हे लपवून ठेवलंस?"

मृणाल काहीतरी गोड सबब सांगणार, तेवढ्यात जयवंत पुढे झाला.

"तिने नाही, मॅडम. मी लपवलं. मीच तिचा आवाज कमी करून वर पट्टी मारली होती."

हॉलमधली माणसं हसली. त्यांना ती गंमत वाटली. मृणाल मात्र हसली नाही. तिने भर हॉलमध्ये नवऱ्याचा हात घट्ट धरला, आणि मग गिटार पुन्हा गळ्यात घातली.

"मॅडम, अजून एक वाजवू का?"