दोन मुके प्रवासी

आमच्या ताईला जन्मापासून दिसत नाही आणि आमच्या बाबांना जन्मापासून धीर नाही. त्यामुळे तीस वर्षं बाबा तिचं कोपर धरून चालले आणि वाटेत काहीही चढउतार आला की म्हणाले, "पायरी." उंबरठा, फुटपाथची कड, गटाराचं झाकण, सगळ्याला हा एकच शब्द. बाबा पोस्टमन होते. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून एक पत्र इकडचं तिकडे झालं नव्हतं, मग मुलगी कशी इकडची तिकडे होऊ देतील?

मग ताईने पांढरी काठी घेतली, वर्षभर चालायला शिकली आणि नव्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची नोकरीही मिळवली. एक मोठा चौक आणि पाऊण तासाची बस! बाबांनी तडक नकाराचं पत्र लिहून काढलं. घरात रणकंदन माजलं. शेवटी तह झाला. पहिल्या दिवशी ताई दहाच्या आत एकटी पोचली, तर नोकरी तिची. नाही पोचली, तर त्या पत्रावर ती मुकाट सही करणार.

"आणि तुम्ही मागून यायचं नाही," ताईने बजावलं.

"गळ्याशप्पथ," बाबा म्हणाले.

शपथ दारापर्यंत टिकली. स्वतःच्या वहाणा करकरतात म्हणून त्यांनी आईच्या गुलाबी रबरी स्लिपर घातल्या, पत्र खिशात टाकलं आणि मला, म्हणजे धाकटीला, बखोटीला धरून सोबत घेतलं.

पुढे ताईची काठी टकटक करत डावी-उजवीकडे फिरत होती. बेकरीचा वास आला तशी ती वळली. फुटपाथवर कुणीतरी स्कूटर लावून ठेवली होती, काठी तिच्यावर आपटली. ताईने स्कूटरवाल्याच्या तीन पिढ्यांचा मोठ्याने उद्धार केला आणि वळसा घालून पुढे गेली. ही भाषा तिला कुणी शिकवली, याचा बाबा अजून तपास करताहेत.

चौकात एका भल्या गृहस्थाने न विचारता तिचा दंड धरला आणि तिला थेट रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. तिची बस अलीकडे येणार होती!

"ही मदत धरायची का?" बाबा कुजबुजले.

"ही मदत नाही, पळवापळवी आहे," मी म्हणाले.

गृहस्थ जाईपर्यंत ताई हसतमुखाने उभी राहिली, गाड्यांचा आवाज थांबल्यावर ताठ मानेने परत आली. तोवर मी बाबांचा सदरा दोन्ही मुठींत आवळून धरला होता. त्याचं एक बटण गेलं.

बसमध्ये ताई पुढे, आम्ही मागे. कंडक्टर आला आणि आमची पंचाईत झाली, कारण आमचे आवाज ती झोपेतही ओळखेल. बाबांनी दोन बोटं दाखवली.

"कुठे जायचं, काका?"

बाबांनी समोर हात हलवला. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मीही हात हलवला.

"दोघंही मुके? अरेरे!" तो अख्ख्या बसला ऐकू जाईल असं ओरडला. "शेव-ट-पर्यंत जायचं का?"

आम्ही माना डोलावल्या. हसू दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं होतं.

शेवटच्या थांब्यावर ताई उतरली. मागून उतरताना, तीस वर्षांची सवय ती, बाबा पुटपुटलेच, "पायरी."

ताई क्षणभर थांबली. मग काठी फिरवत गर्दीत अशी शिरली की आम्हाला दिसेनाशी झाली. बावीस फलाट! शहरातलं प्रत्येक दार पाठ असलेले बाबा तिथे चक्क हरवले. दहा वाजत आले, ताईचा पत्ता नाही. बाबांचं तोंड एवढंसं झालं. "माझी पोर कुठे गेली गं?" ते म्हणाले. आता मलाही हसू येईना.

तेवढ्यात कर्णा खरखरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. फलाट नऊवरची गाडी सुटत आहे. तसंच दोन मुके प्रवासी हरवले आहेत. त्यातल्या वयस्कर गृहस्थांना फक्त एकच शब्द बोलता येतो. त्यांनी फलाट बाराशेजारच्या खोलीत यावं." जरा वेळ नुसतीच खरखर. "आणि बाबा, दाराशी दोन पायऱ्या आहेत."

सगळं स्थानक खो खो हसलं. बाबा स्लिपर फटफटवत धावले आणि दुसऱ्याच पायरीला ठेचकाळले. ताईने हात पुढे केला. त्यांनी तिचं कोपर घट्ट धरलं. ते हसतही होते आणि रडतही होते.

"काका, काही काम होतं का?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

बाबांचा हात खिशातल्या पत्रावर गेला आणि तिथेच राहिला.

"नाही," ते म्हणाले. "पत्ता चुकला."

बाबांनी पोचवलं नाही, असं ते एकच पत्र.