होड्या वर आल्या की पिशवी काढायची

"दोन झाली ना? मग आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय?"

डॉक्टर म्हणाला आणि हसला. माझ्याकडे बघून नाही, माझ्या नवऱ्याकडे बघून. नवराही हसला. मी स्टुलावर बसले होते. स्टुलावर वर्तमानपत्र अंथरलेलं. मी बसायच्या आधी डॉक्टरने बोटाने खूण केली होती आणि सिस्टरने ते अंथरलं होतं. माझ्या आधीची बाई त्याच स्टुलावर बसली होती, तिच्यासाठी नव्हतं अंथरलं. मला रक्त जात होतं म्हणून असेल, नाहीतर मी कोळीण म्हणून. तेव्हा विचारायची हिंमत नव्हती.

या डॉक्टरला मी आता अहो-जाहो करत नाही. केलं तेवढं पुरे झालं.

मी चौकच्या कोळीवाड्यातली. शहरात इंद्रलोक वसाहतीच्या बिल्डिंगांखाली मासळी विकते. दहावी झालेली आहे, वाचता येतं. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि दोन वर्षं माझी पाळी दहा-दहा दिवस चालायची. रक्ताच्या मोठाल्या गाठी पडायच्या. उठताना आधी मागे हात लावून लुगडं बघायचं, मग गिऱ्हाइकाकडे बघायचं. चेहरा पांढरा पडला होता. जिना चढताना धाप लागायची.

डॉक्टरने सोनोग्राफीचा कागद बघितला आणि नवऱ्याला सांगितलं की पिशवीत गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, पिशवी काढून टाकू. मी काही विचारणार तेवढ्यात तो पुढे गेला. म्हणाला, "तुमच्या होड्या वर आल्या की घेऊन या. कोळणी दणकट असतात, महिन्याभरात टोपली उचलतात."

त्याला आमचं कॅलेंडर पाठ होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढतात, झावळ्यांनी शाकारून ठेवतात, जाळी दुरुस्तीला काढतात. आणि बायका पिशव्या काढून घेतात. धंद्याचा खाडा होत नाही, नवरा घरात असतो, म्हणून. आमच्या आळीत असा रिवाजच पडला होता. कोणाची पाळी बिघडली की बायका म्हणायच्या, पुढच्या बंदीत उरकून घे. जसा काही दात काढायचा आहे. माझ्या थोरल्या जावेने उरकून घेतलं होतं, तेहतिसाव्या वर्षी. तिच्या शेजारणीने. आमच्या नणंदेने. सगळ्या त्याच डॉक्टरकडे. एकीने दुसरीला नेलं, दुसरीने तिसरीला. आम्हीच त्याच्या दाराशी रांग लावली होती, ही आमची चूक. ती मी झाकत नाही.

मीही गेले. होडी शाकारून झाली त्याच आठवड्यात.

सकाळी उपाशीपोटी मला कॉटवर झोपवलं. हिरवा गाऊन दिला. सिस्टर कागद घेऊन आली, तर त्यावर नवऱ्याची सही आधीच झालेली. मी कागद मागितला. ती म्हणाली, इंग्लिशमध्ये आहे. मी म्हटलं, अक्षरं वाचता येतात मला. दोन ओळी मी बोटाने वाचल्या. एक शब्द अडला. तिला विचारलं, तर तिने दाराकडे बघितलं आणि हळूच सांगितलं की पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढणार. "सगळ्यांचीच काढतात सर," असंही म्हणाली.

सगळ्यांची. मला जाऊ आठवली. चौतिसाव्या वर्षी तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. भर थंडीत ती पंख्याखाली बसायची. गुडघे गेले. चिडचिड इतकी की पोरं तिच्या वाऱ्याला उभी राहत नसत. आम्ही तिलाच नावं ठेवत होतो.

डॉक्टर आला. मी उठून बसले. विचारलं, याला दुसरा काही इलाज आहे का? माझी अंडाशयं का काढताय?

तो माझ्याशी बोललाच नाही. दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाला, "हिला सांगून समजणार आहे का काही?" मग सिस्टरला म्हणाला, "झोपव तिला."

झोपव तिला.

काय झालं मला ठाऊक नाही. दोन वर्षं रक्त जाऊन अंगात त्राण नव्हतं, पण त्या दोन शब्दांनी मी ताठ झाले. कॉटवरून पाय खाली टाकले. गाऊनवरच लुगडं गुंडाळायला घेतलं.

"न्हाय काढायची," मी म्हटलं. "माझी हाय. मना इचारल्याशिवाय कोन हात न्हाय लावनार."

तो म्हणाला, घेऊन जा, रक्त जाऊन मेली तर माझ्या दारात आणू नका. घरी आल्यावर नवरा म्हणाला, डॉक्टरपेक्षा तू शहाणी का, चार माणसांत माझी लाज काढलीस. तिसऱ्या दिवशी मी एकटी बस धरून सरकारी इस्पितळात गेले.

तिथली डॉक्टरीणबाई काही देवी नव्हती. बाहेर गर्दी होती, तीही वैतागलेली होती. पण ती माझ्याशी बोलली. पिशवीच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नाही. मग तिने कागदावर पिशवी काढून गाठ दाखवली. असल्या गाठी बहुतेक वेळा साध्याच असतात, पाळी गेली की आकसतात. रक्त कमी करायच्या गोळ्या असतात. औषध भरलेला लूप असतो, तो पिशवीत बसवतात, पाच-सहा वर्षं काम करतो. पिशवी ठेवून नुसती गाठ काढता येते. बारीक नळी घालून गाठीचं रक्त तोडता येतं, पण ते सगळीकडे होत नाही. काही बायकांची पिशवी काढावीच लागते, तेही तिने सांगितलं. पण ती शेवटची पायरी, आणि या वयात चांगली अंडाशयं उगाच काढायची नसतात, त्याने अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात. माझी गाठ बाहेरच्या अंगाला होती, म्हणून मला लूप चालणार होता.

"तुम्हाला काय करायचंय?" तिने विचारलं. मला. नवरा बरोबर नव्हताच.

लूप बसवला. रक्त वाढायची सुई घेतली. पहिले चार महिने डाग पडत राहिले, वैताग आला. मग पाळी दोन दिवसांवर आली. चेहऱ्यावर रंग आला. लोक म्हणाले, देव पावला. मला मात्र आनंद झाला नाही. संताप आला. एवढंसं होतं ते. एवढंसं, आणि त्याने कोणालाच सांगितलं नाही.

जावेला सांगितलं तेव्हा ती बोंबील वाळत घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"मंग माझा का काढला?" ती म्हणाली. "मना कोनी का न्हाय सांगला?"

मी तिचं डिस्चार्ज कार्ड मागितलं. मग शेजारणीचं. मग नणंदेचं. बायकांनी रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेली कार्डं काढून दिली. मी ती डॉक्टरीणबाईला दाखवली. ती जपूनच बोलली, पण बोलली: आधी दुसरा इलाज करून बघितल्याची यातल्या एकाही कार्डावर नोंद नाही, आणि प्रत्येकीची अंडाशयं गेली आहेत.

जाऊ आणि मी त्याच्या दवाखान्यात गेलो. सगळ्यांचे केसपेपर मागितले. या वेळी तो बाहेर आला. म्हणाला, "ताई, आत या, बसून बोलू." मला ताई! मी म्हटलं, आत न्हाय, इथंच सांगा, हिची अंडाशयं का काढली? बाकड्यावर पाच-सहा बायका नंबर लावून बसल्या होत्या. त्या आमच्याकडे बघायला लागल्या. तो घामाघूम झाला. कपाळ पुसायला लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं ते बघून. फार बरं वाटलं. जाऊ त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिला एवढा घाम रोज येतो, सहा वर्षं झाली.

त्यानंतर त्याने माणूस पाठवला. मिटवून टाका म्हणे, डॉक्टर माफी मागायला तयार आहेत, बायकांच्या हाडांच्या औषधांचंही बघतील. नवरा म्हणाला, ऐक. आळीतल्या दोघी म्हणाल्या, ऐक. मी त्या माणसाला चहासुद्धा दिला नाही.

मेडिकल कौन्सिलकडे तक्रार गेली आहे. खाली नऊ बायकांच्या सह्या आहेत, नवऱ्यांच्या नाहीत. जावेला सही येत नव्हती, तर ती आठ दिवस वहीत गिरवत बसली. अंगठा दिला नाही तिने. तारखा पडतील, वकील आम्हाला अडाणी म्हणतील, कागद हरवले म्हणून सांगतील. सांगू देत. दर तारखेला आम्ही नऊजणी जाणार आणि त्याच्या समोरच्या बाकावर बसणार. त्याची माफी मला नको. त्याच्या दारावरची पाटी उतरवायला मिस्त्री येईल, त्या दिवशी मी तिथे उभी असेन, आणि शेवटचा स्क्रू निघेपर्यंत हलणार नाही.