ताईच्या जुन्या कुलपातला आवाज

माझ्या मामाला लॅबमध्ये सगळे 'कुलूप' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तोही ओ देतो. रक्तालघवीचे रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायचे हे त्याचं बावीस वर्षांचं काम. काळ्या पडद्यावर तो पांढऱ्या अक्षरांत आज्ञा टाईप करतो. माऊसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. फाईल कुलपात घालायची, पाठवायची आणि आपल्याकडची मूळ फाईल अशी खरवडून पुसायची की कोणाला परत मिळू नये. 'पाठवलं की पुसलं' हा लॅबचा नियम. आजवर गावातला एकही मूतखडा त्याच्याकडून फुटलेला नाही.

ही कॉम्प्युटरवरची कुलपं मजेशीर असतात. ज्याला फाईल हवी तो आपलं उघडं कुलूप आधी पाठवून ठेवतो. लावायला ते कोणालाही येतं, पण किल्ली फक्त त्याच्याच कॉम्प्युटरवर. एकदा लावलं की लावणाऱ्यालासुद्धा उघडत नाही. आणि कुलूप खरंच त्याचं आहे ना, हे पाहायला त्याचा चाळीस अक्षरांचा ठसा असतो. तो मामा फोनवर एकेक अक्षर वाचून घेतो. एका डॉक्टरीणबाईंनी वैतागून विचारलं होतं, "अहो, जन्मवेळही सांगू का?"

मामीच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढायचं ठरलं. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, दुसऱ्या शहरात टाईप केलेलं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करते. ती म्हणाली, "आईची तीनशे वाक्यं रेकॉर्ड करून द्या. पुढे आई टाईप करेल आणि मशीन तिच्याच आवाजात बोलेल."

बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मामाने कपाटाला रजया टांगल्या, मामीला आत बसवलं आणि स्वतः दाराशी कागद धरून उभा राहिला.

"'आज हवा छान आहे,'" मामीने वाचलं. "अहो, मी उभ्या आयुष्यात कधी असं म्हटलंय?"

"वाच गं."

"त्यापेक्षा 'ओला टॉवेल पलंगावर टाकू नका' घ्या. ते रोज लागेल."

ते घेतलं. तीनशे चार वाक्यं झाली. शेवटच्या दिवशी आवाज फाटत होता, तरी मामी थांबेना.

पाठवायच्या दिवशी ताईचा फोन आला. "बाबा, सरळ लिंक द्या ना."

"तुझ्या आईचा आवाज उघड्यावर टाकू?"

"बरं, मग मी पाठवलेलं नवीन कुलूप वापरा."

"आधी ठसा वाच."

"मीटिंग आहे बाबा, आता कुठे चाळीस अक्षरं! पाठवा तुम्ही." फोन बंद.

ओळख न पटलेलं कुलूप मामा लावणार? त्याच्याकडे ताईचं चार वर्षांपूर्वीचं कुलूप होतं, अक्षरन् अक्षर तपासलेलं. त्याने तेच लावलं आणि फाईल पाठवली. मग बोटं सवयीने पुढे चालली. कॉम्प्युटरवरची मूळ वाक्यं खरवडली, रेकॉर्डरचं कार्डही खरवडलं. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं.

ताई येऊन, आईजवळ आठवडाभर राहून परत गेली, मग फाईल उघडायला बसली आणि तिचा फोन आला.

"बाबा, हे जुन्या कुलपात आहे."

"तुझंच आहे की ते. मी स्वतः तपासलंय."

"त्याची किल्ली जुन्या लॅपटॉपवर होती. तो जळला, म्हणून तर नवीन पाठवलं." मग जरा थांबून, "मूळ आहेत ना?"

मामाने रेकॉर्डरचं पुसलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मी शेजारीच बसलो होतो. एरवी त्याची फिरकी घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा मी ते कार्ड उचललं.

कार्ड घेऊन मी दोन दुकानं फिरलो. दुसऱ्या दुकानदाराने विचारलं, "हे पुसलं कोणी? एवढं नीट कोणी पुसत नाही हो." ही शाबासकी मी मामाला सांगितली नाही. जुने फोन, चॅट, सगळं धुंडाळलं. मामाच्या घरात जुनं काही उरतच नाही. ती कुलूपबंद फाईल तेवढी आहे. पूर्ण आहे, एक अक्षर हललेलं नाही, आणि तिच्याकडे नुसतं बघत बसता येतं.

मामी रागावली नाही. वहीत तिने लिहिलं, "तुम्ही थोडंच मुद्दाम केलंत?" मामाने ते वाचलं आणि चष्मा पुसत बसला.

शेवटी ताईने सॉफ्टवेअरमधला तयार आवाज टॅबवर घालून पाठवला. परवा मी तिथेच होतो. मामी स्वयंपाकघरातून टॅब घेऊन आली, एका बोटाने टाईप करून तिने बटण दाबलं. बातम्या देतात तशा स्वच्छ, तरुण आवाजात कोणी बाई म्हणाली, "अहो, चहा झालाय."

मामा दचकून ओरडला, "गप्प कर तिला!"

मग त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते. मामीने टॅब बंद केला, टेबलावर पालथा ठेवला आणि आत जाऊन चहा गाळू लागली. मामा दारापर्यंत गेला. पण ती वळली नाही.