घासायला दिलेलं काडतूस

आमच्या घरची रायफल आजोबांच्या वेळची, फौजेतून निघालेली. थ्री नॉट थ्री. पुढे परवान्याचं नूतनीकरण अडलं. फौजी गोळी खाजगी माणसाला चालत नाही, नळी बदलून तीनशे पंधराची करा, असं साहेबांनी सांगितलं. बाबूजींनी रीतसर मंजुरी आणली आणि नागपूरच्या परवानेवाल्या कारागिराकडून ते काम करून घेतलं. रायफल परत आली तर मेली ओळखूच येईना. लाकूड तेच, नळी परकी. आम्ही पोवार, दसऱ्याला शस्त्रं पुजतो. पाटावर हे उसनं रूप काय ठेवायचं, असा माझा फुकाचा ताठा. पंचविशी उलटली होती, पण अक्कल कुठं होती!

जुनी सात काडतुसं ठाण्यात जमा करायला बाबूजींनी मलाच पाठवलं. मी सहा दिली. एक पूजेसाठी दडवलं आणि आमच्या सालदाराच्या हातात ठेवलं. सालाच्या बोलीवर आमची शेती करणारा हा गोंड माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा.

"चिंच लावून चांगलं घास. बाबूजीले नको सांगू."

"हो जी भाऊ," म्हणाला. काऊन, कायले, काही विचारलं नाही.

तो सुट्टीवर दरेकशाच्या जंगलपट्ट्यात आपल्या गावी गेला. परत येताना स्टेशनाबाहेर झडती झाली आणि खिशात काडतूस निघालं. त्या काळात जंगलातल्या नक्षल्यांच्या टोळ्यांकडे हीच गोळी असायची. त्यात हा तिकडच्याच गावचा. उचलला की त्याला.

ठाण्यात तो एकच बोलला, "सापडली." माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्या अंगणात येऊन बसली. "तुमी चाला ना जी भाऊ ठाण्यात. तुमची वळख हाय. थो असा मानूस नोहे."

मी तिला म्हणालो, "चौकशी चालू आहे, होईल सगळं." होईल सगळं! आजही हे शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. वर मी तिला चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी बाबूजींनी ठाण्याची पावती काढली. "सहा काऊन लिवलं हाय?"

मी मान खाली घातली. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते टोपी घालून निघाले, रायफलीचे कागद दाखवले आणि म्हणाले, माझ्याच मोजण्यात चूक झाली, घरात पडलेलं याला सापडलं असेल. सालदार सुटला. आमचा परवाना गेला. इतक्या खटपटीनं बदललेली रायफल एक बार न उडवता जमा झाली. बाबूजींनी मला पाठीशी घातलं.

दसऱ्याला पाटावर विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ. सालदार आपला विळा घेऊन आला. ठाण्यातून सुटल्यापासून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती, डाव्या हातानं त्यानं विळा ठेवला. रायफलीची जागा रिकामी होती. तिकडं बघून तो माझ्याजवळ सरकला, आवाज खाली केला.

"भाऊ, गोळी वापस नाई देल्ली त्याईनं. मी मागतलो होतो. लय चमकवलो होतो जी."

चूक त्याचीच असल्यासारखा तो उभा होता. मी कुंकवाची वाटी उचलली आणि दुसरीकडे वळलो.