देव पुढे पाठवले

जपानमधल्या हिकोने किल्ल्याच्या आतला जिना शिडीसारखा उभा होता. वैजयंती टिपरे दोन्ही हातांनी कठडा धरून, पायरी चाचपत चढत होती. वरच्या मजल्यावर तिचा नवरा रघुवीर मोबाइलकडे बघत उभा होता.

"निधीचा मेल आला," तो वरूनच म्हणाला. "बायर तयार आहे. नऊला ऑफिस उघडलं की फोन करते म्हणाली. म्हणजे आपले पाच."

"मला आधी वर तर येऊ द्या."

"ये ना, मी कुठे अडवलंय? फक्त पाचला फोन लागेल अशा जागी असायचं, एवढंच."

निधी म्हणजे त्यांची इंग्लंडातल्या मेडनहेडची सॉलिसिटर. मेडनहेडमधलं घर विकून दोघं कायमचे पुण्याला जाणार होते. निघण्याआधी कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या होत्या, पण घर दोघांच्या नावावर होतं. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज करण्याआधी निधीला दोघांच्याही तोंडून होकार हवा होता. एकदा एक्स्चेंज झालं की मागे फिरता येत नाही. आज पाच वाजेपर्यंत मात्र फिरता येत होतं, आणि हे वैजयंतीला सकाळी हॉटेलमध्ये दात घासताना नीट कळलं होतं.

वर पोचल्यावर खिडकीतून तळं दिसलं. तळं कसलं, समुद्रच. पलीकडचे डोंगर धुरकट निळे होते. वीसेक वर्षांपूर्वी ब्रॅकनेलच्या कंपनीने रघुवीरला तीन महिने इथे प्रोजेक्टवर पाठवलं होतं. तेव्हा तो दर रविवारी फोन करून या बिवा तळ्याचं वर्णन करायचा आणि तुला एकदा आणणार म्हणायचा. आता आणलं होतं. पुण्याला जाण्याआधीची शेवटची मोठी ट्रिप.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"छान आहे."

"नुसतं छान?"

"खूप छान आहे," ती म्हणाली आणि गुडघा चोळत बसली.

तिने सही केली होती हे खरं. तेव्हा ती स्वयंपाकघरात थालीपिठं थापत होती. त्याने कागद ओट्यावर ठेवले, "इथे आणि इथे" म्हणाला. तिने एक हात धुतला आणि सही केली. त्याआधी वर्षभर तो पुण्याचं बोलायचा तेव्हा ती "बघू" म्हणायची. तिच्या माहेरी बायका "बघू" म्हणाल्या की पुरुष तो विषय सोडून देत. टिपऱ्यांच्या घरात अशी पद्धत नव्हती.

ठाण्याहून ती मेडनहेडला आली तेव्हा त्यांची मुलगी अक्षया कडेवर होती. पहिली दोन वर्षं तिने खिडकीतून रस्ता बघण्यात काढली. मग गाडी शिकली, तीनदा नापास झाली, चौथ्यांदा पास. अक्षयाच्या शाळेत दुपारी मुलांना जेवण वाढायचं काम धरलं आणि तिथून जीपीच्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर गेली. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या जन्मतारखा तिला पाठ झाल्या. कौन्सिलकडून भाजी लावायला जमिनीचा तुकडा मिळाला, त्यात मेथी आणि गवार लावली. गवार कधीच आली नाही, पण शेजारच्या तुकड्यातला आयरिश माणूस मेथी खायला शिकला. बुधवारी ती आणि तिची मैत्रीण आशा चर्चच्या हॉलमध्ये एकट्या राहणाऱ्या लोकांसाठी वरणभात करायच्या. तिथे तिला सगळे व्ही म्हणत.

या सगळ्या वर्षांत रघुवीर सकाळी अंधारात ब्रॅकनेलला जायचा आणि रात्री यायचा. शनिवार-रविवार झोपायचा. मेडनहेडमधलं त्याला माहीत होतं ते स्टेशन, मोटरवे आणि जुनं फर्निचर टाकायची कौन्सिलची जागा.

मग त्याची नोकरी गेली. त्याच सुमारास त्याच्या ऑफिसातल्या अजयला स्ट्रोक झाला आणि त्याला केअर होममध्ये ठेवलं. अजय इंग्लिश विसरला. पाणी हवं असलं की "पाणी, पाणी" म्हणायचा, आणि तिथल्या मुली हसून त्याची उशी सारखी करायच्या. रघुवीर दर रविवारी जायचा, पेल्याने पाणी पाजायचा. अजय मार्चमध्ये गेला. एप्रिलमध्ये रघुवीरने एस्टेट एजंटला बोलावलं. हे सगळं वैजयंतीला दिसत होतं, म्हणून तर तिच्या तोंडून "नाही" निघत नव्हतं.

हिकोनेहून ट्रेनने ते नागाहामाला आले. काळ्या भिंतींच्या जुन्या घरांची गल्ली, काचेच्या वस्तूंची दुकानं, दारात मातीच्या कुंडीत शेवंती. वैजयंतीला तिथे रेंगाळायचं होतं. रघुवीरने घड्याळ पुढे केलं.

"बोट चुकली तर बेट राहील. बेटावरून पलीकडे इमाझूला उतरायचं, तिथून ट्रेनने खाली. तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा."

"तळं डाव्या हाताला आहे सकाळपासून. ही उलटी प्रदक्षिणा झाली."

"टाइमटेबल तसं आहे, वैजू. जपानी रेल्वेला सांगू का, सुलट चालवा म्हणून?"

एरवी ती हसली असती. त्याने ती हसण्याची वाट पाहिली आणि मग मोबाइलची बॅटरी बघितली.

चिकुबू बेट पाण्यातून एकदम उभं वर आलेलं. एका अंगाची झाडं पाणकावळ्यांनी विष्ठेने पांढरी करून टाकली होती, फांद्या बोडक्या. धक्क्यापासून दगडी पायऱ्या सरळ देवळाकडे जात होत्या. वरची देवी बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वतीच, इथे येऊन जपानी झालेली. हातात वीणेच्या जागी बिवा नावाचं वाद्य. तळ्याचं नाव त्याच्यावरूनच पडलं, असं रघुवीरने पायऱ्या चढताना सांगितलं. वैजयंतीला दम लागला होता. पर्समध्ये तिने लंडनच्या एजवेअरमधल्या दुकानातून घेतलेला खण आणला होता. नारळ आणता आला नव्हता, म्हणून नागाहामात एक संत्रं घेतलं होतं. दोन्ही तिने दानपेटीच्या कडेला कुणी बघत नाही असं पाहून ठेवलं आणि हात जोडले.

खाली पाण्याच्या बाजूला एक सज्जा होता. तिथे लोक मातीच्या छोट्या बशांवर नाव आणि इच्छा लिहून, पाण्याकाठी उभ्या असलेल्या दगडी कमानीतून पलीकडे फेकत होते. रघुवीरने बशा विकत घेतल्या आणि भराभर लिहिलं.

"हे घे. तुझी."

बशीवर मराठीत लिहिलं होतं : वैजयंती. पुण्यात सर्व सुखरूप.

"माझी मी लिहिली असती."

"अगं, रांग आहे मागे."

तिने बशी फेकली. ती कमानीच्या किती तरी अलीकडे पडून फुटली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आशा. इंग्लंडात अजून सकाळ उजाडत होती. घराची किल्ली आशाकडे होती. रोज सकाळी कामावर जाताना देवापुढे दिवा लावून जा, असं वैजयंतीने तिला सांगितलं होतं. पहिले दोन दिवस तिला जमलं नव्हतं, आज ती गेली होती.

"वैजू, तू घाबरू नकोस हं," आशा म्हणाली. "घाबरू नकोस. देव्हारा रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे?"

"म्हणजे रिकामा गं! बाळकृष्ण नाही, टाक नाहीत, अन्नपूर्णा नाही. समई आहे, घंटा आहे. टीव्हीसुद्धा आहे जागेवर. कसला मेला चोर हा? दार तर नीट बंद होतं. मी पोलिसांना फोन लावते."

वैजयंतीने कठड्याला धरलं. "अहो, घरी चोरी झालीय. देव नेले."

रघुवीरचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल.

"तिला सांग, पोलिसांना बोलवू नको."

"का?"

"सांग आधी. चोरी नाही झाली."

आशाला तिने थांब म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. रघुवीर कमानीकडे बघत बोलू लागला.

"आपण निघालो त्याच दिवशी विनय पुण्याला निघाला होता ना. त्याच्याकडे दिले. हँडबॅगेत, नीट मऊ कापडात बांधून. दिवाळीच्या आत नव्या फ्लॅटमध्ये बसतील. आई म्हणायची ना, जागा बदलताना आधी देव हलवायचे, मग सामान."

विनय त्याचा धाकटा भाऊ. चार दिवस त्यांच्याकडे राहिला होता आणि निघताना त्यानेच आपल्या भाड्याच्या गाडीने त्यांना हीथ्रोवर सोडलं होतं. गाडीत बसल्यावर रघुवीर "बॉयलर बंद केलाय का बघून येतो" म्हणून घरात परत गेला होता. त्याला बराच वेळ लागला होता. वैजयंती गाडीत बसून विनयशी त्याच्या मुलीच्या दहावीबद्दल बोलत होती.

"अन्नपूर्णा माझी होती," ती म्हणाली.

"तुझी-माझी काय त्यात? घर एकच आहे ना."

"गौरीहर पुजताना आईने माझ्या हातात दिलेली. ठाण्याहून मी मांडीवर घेऊन आले होते विमानात. तुम्ही म्हणाला होतात, बॅगेत टाक. मी नव्हती टाकली."

"म्हणूनच जपून पाठवली ना! कुरिअरने पाठवली असती का?"

"मला विचारलं का नाहीत?"

"तू रडली असतीस."

"रडले असते. मग?"

"मग काय, ट्रिपचा विचका झाला असता." त्याने आवाज खाली आणला, कारण शेजारची जपानी जोडी गप्प झाली होती. "वैजू, सही तूच केलीस ना? मग देव गेले काय, दोन महिन्यांनी आपण गेलो काय. तू निघालीच आहेस."

बोटीचा भोंगा झाला. ही चुकली तर पुढची नव्हती. रात्री बेटावर कुणी राहत नाही, पुजारीसुद्धा बोटीनेच परत जातात. दोघं पायऱ्या उतरले. नेहमीसारखा तो पुढे होता, पण आज दर वळणावर मागे वळून ती येते आहे ना ते बघत होता.

बोटीत ती खिडकीशी बसली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली नाही. तो म्हणाला, विनयला आत्ता फोन करतो, तुझी अन्नपूर्णा वेगळी ठेवायला सांगतो. मग म्हणाला, चूक झाली, विचारायला हवं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचं लक्ष घड्याळाकडे जात होतं.

इमाझूच्या धक्क्यावर उतरले तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं आणि पाणी शिशाच्या रंगाचं झालं होतं. दोघं एका बाकावर बसले. बरोबर पाचला फोन वाजला. रघुवीरने तो स्पीकरवर टाकून मधे ठेवला.

"Hi काका, hi काकू! कसा आहे जपान?" निधीचा जन्म हॅरोचा, मराठी आईवडिलांकडून ऐकलेली. "ओके, सगळे रेडी आहे. काका, तुम्ही happy आहे to exchange today?"

"हो. गो अहेड."

"Lovely. काकू? I need to hear it from you."

वैजयंतीने फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावून पाण्याच्या दिशेने चालू लागली. मागून रघुवीर म्हणाला, "अगं, कुठे निघालीस? इथे बोल ना."

"निधी, नाही," ती म्हणाली.

"Sorry काकू, line खराब आहे. हो म्हटला की नाही म्हटला?"

"नाही म्हटलं. एक्स्चेंज करू नकोस."

"काकू, बायर आज नाही झाला तर जाणार. पूर्ण चेन तुटेल, जोडलेले सगळे deals. तुम्हाला माहिती आहे?"

"माहीत आहे."

"तुमची सही आहे माझ्याकडे."

"ती सही केली तेव्हा माझे हात पिठाचे होते," ती म्हणाली. हे कारण होत नाही हे तिलाही कळत होतं. "मला मेडनहेड सोडायचं नाही. सहा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. आज सांगतेय."

"ओके," निधी सावकाश म्हणाली. "ओके. मी काय नाही करत. पण घर दोघांचा आहे, तुम्ही दोघे बोला. अर्धा तासाने परत फोन करते, then I have to tell the other side."

ती वळली तेव्हा रघुवीर तिच्या मागेच उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"पुण्यात विनयला काय सांगू? अक्षयाला? फ्लॅटला रंग देऊन झालाय."

"सांगा, वैजयंती नाही म्हणाली."

"आणि मी? मी अजयसारखा पडू तिथे? पाणी पाणी करत?"

"मी आहे ना. मला कळतं पाणी म्हणजे काय."

"तू आधी गेलीस तर?"

एक सायकलवाला दिवा लावून त्यांच्या बाजूने गेला. वाकून नमस्कार करून गेला, आणि दोघांनीही सवयीने मान वाकवली.

"मी जाणार आहे," रघुवीर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तिला जास्त भीती वाटली. "दिवाळीला जाईन आणि राहीन. तू ये नाहीतर नको येऊस."

एकतीस वर्षांत असं काही त्यांच्यात बोललं गेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर मेडनहेडचं घर आलं, त्यात ती एकटी, बुधवारी हॉलवरून एकटीच घरी येणारी. ज्यांना ती वाढत होती, त्यांच्याच पंगतीत बसलेली. "नाही" म्हणताना हे काही तिच्या मनात आलं नव्हतं.

"जा," ती म्हणाली. "मी सोडायला येईन एअरपोर्टवर."

तो थांबला. ती अजून काही तरी म्हणेल असं त्याला वाटत असावं. समोर बेट आता काळं दिसत होतं.

"इतकं आहे तुला तिथे?" त्याने विचारलं. भांडण म्हणून नव्हे. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"आहे."

"काय आहे?"

ती सांगू लागली. सर्जरीतल्या मिसेस डॉसनचं, मेथीचं, आशाचं. तो बाकावर बसला, ती उभीच राहिली. ती हॉलमधल्या वरणाबद्दल सांगत होती, लोक सुरुवातीला त्याला सूप म्हणायचे, तेव्हा फोन वाजला. निधी. फोन तिने मघाशी बाकावर रघुवीरच्या बाजूला ठेवला होता. त्याने स्क्रीनवरचं नाव वाचलं. तो स्वतः बोलू शकला असता, अजून थोडा वेळ मागू शकला असता. त्याने फोन उचलला, तो वाजत होता तसाच धरून राहिला आणि मग तिच्यापुढे केला.

"घे. तूच सांग," तो म्हणाला.

तिने घेतला. "हो निधी," ती म्हणाली. "बोललो आम्ही. नाहीच."