यादी अलीकडची, दाजी पलीकडचे

गेल्या वर्षी याच दिवसांत माझा धाकटा भाऊ विनू बेळगावात आयसीयूत होता. उद्यमबागेतल्या कारखान्यातली ड्यूटी संपवून सांबऱ्याला घरी येताना बाईक घसरली, डोक्याला मार लागला... हेल्मेट हँडलला अडकवलेलं. आमच्याकडे हेल्मेट डोक्यासाठी नसतंच, पोलिसांसाठी असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू पूर्ण थांबलाय, छाती हलतेय ती मशीनमुळे. आणि मग हळूच विचारलं... अवयवदानाचा विचार कराल का?

मला वाटलं, आमचे वडील, आप्पा, उठून जातील. जन्मभर शेती केलेला जुना माणूस! पण ते लगेच 'व्हय' म्हणाले. इतकं लगेच, की मला शंकाच आली.

शंका खरी निघाली. माझी थोरली बहीण, सुनंदाक्का, कागलला दिलीय. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. कोल्हापूरला डायलिसिस चालू असतं, आणि आक्काला शुगर असल्यामुळे तिची किडनी चालत नाही. महाराष्ट्राच्या यादीत नाव घालून बिचारे वाट बघत बसलेत...

"एक किडनी माझ्या जावयाला. बाकी काय पायजे ते घ्या," आप्पा म्हणाले.

हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी समजावलं... असं नाव घेऊन देता येत नाही. यादीप्रमाणेच जातं. आधी आपल्या राज्याची, कर्नाटकाची यादी, इथं कुणालाच जुळलं नाही तरच बाहेर.

आता बघा. सकाळी घरातून निघालं तर निपाणीत चहा घेऊन आम्ही नाष्ट्याला आक्काच्या दारात. ते म्हणे बाहेरचं! आणि रात्रभर बसमध्ये कंबर मोडून घेतल्यावर येतं ते बेंगळुरू आतलं... माझं डोकंच फिरलं. मॅडमना तोंडाला येईल ते बोललो.

त्यांनी ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. मग म्हणाल्या, "सर, राज्याची यादी नसती तर मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांनीच सगळं नेलं असतं. बेळगावच्या पेशंटला काय राहिलं असतं?" यात खोटं काहीच नव्हतं. पण त्या घटकेला खरं ऐकायची ताकद कुणात होती!

आम्हा सीमाभागातल्या माणसांना एक खोड आहे. काम अडलं की आम्ही दोन्हीकडचे पुढारी हलवतो. आप्पांनी तिथंच बसून एक फोन इकडच्याला लावला, एक तिकडच्याला. दोघंही म्हणाले, "बघतो." पुढाऱ्यांचं 'बघतो' आम्ही जन्मापासून ऐकत आलोय.

मग आप्पा हटूनच बसले. "मग न्हाय देत. माझं पोरगं तर गेलं... पोरीचं कुंकू तरी राहील म्हटलं, तर ते बी न्हाय. जा म्हणावं." आई पदर तोंडात धरून बसलेली. मॅडम म्हणाल्या, जबरदस्ती अजिबात नाही, पण फार वेळ थांबता येणार नाही...

तेवढ्यात आक्का आली. सकाळी दाजींना डायलिसिसला नेऊन, घरी सोडून, तशीच धावत आलेली. विनूला बघितलं, भिंतीला टेकून पोटभर रडली. मी तिला सगळं सांगितलं आणि मनात म्हटलं, आता हीही आप्पांच्याच बाजूनं बोलणार. आणि बोलली असती तर तिला नावं कोण ठेवणार होतं? नवरा तिचा.

ती आप्पांच्या पायाशी बसली. म्हणाली, "आप्पा, आमचा बी नंबर हाय की तिकडच्या यादीत. तिकडं कुणाचं तरी पोरगं असंच जाणार, तवाच आम्हाला मिळणार. त्यो बाप बी तुमच्यागत अडून बसला, माझ्याच माणसाला द्या म्हणून... तर आमचा नंबर कवा येणार वो?"

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "विचार रं, सही कुठं करायची."

विनूचं लिव्हर आमच्या सांबऱ्याच्याच विमानतळावरून बेंगळुरूला गेलं. किडन्या याच राज्यात कुणाला तरी मिळाल्या... नावं सांगत नाहीत. यादी गावाची असावी, राज्याची असावी की साऱ्या देशाची, मला अजून ठरवता येत नाही. कागल 'बाहेर' आहे, हे मात्र आजही पटत नाही.

परवा कोल्हापूरच्या हॉस्पिटलनं दाजींना बोलावून घेतलं. एका किडनीसाठी दोघातिघांना बोलावतात, शेवटच्या तपासणीत ज्याचं नीट जुळेल त्याला देतात. आमच्या घरात सगळे फोनपाशीच बसलेले... दुपारी आक्काचा फोन आला. दुसऱ्याला मिळाली, आम्ही आता परत निघतोय.

फोन स्पीकरवर होता. मला धास्ती आप्पांची. आता म्हणणार, 'बघा, तवा मी अडून बसलो होतो ते बरोबरच होतं.' खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

आप्पा म्हणाले, "सुनंदा, कुणाचं पोरगं गेलं गं?"

"सांगत न्हाईत आप्पा."

"व्हय... सांगत न्हाईत." मग म्हणाले, "त्याचे आईबाप तिथंच असतील बघ, भायेर बाकड्यावर. कोण दिसलं तर जरा च्या तरी पाज त्यास्नी."

दाजींचा नंबर अजून आलेला नाही. आई रोज देवापुढं हात जोडून उभी राहते... पण आता मागायचं काय, ते तिला सुचत नाही.