वाडीला लिहिलेलं खोटं

आईला केळशीहून रत्नागिरीला आणलं त्या सकाळी एस्टीच्या खिडकीखाली अख्खी वाडी उभी होती. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. आगरात पडलेला नारळ उचलायला आईला वाकवत नव्हतं, आणि तिला मी एकटीच. कोणी कोकमाची सोलं बांधून दिली, कोणी कुळथाचं पीठ, कोणी नुसताच हात हातात घेतला. शेजारच्या जयावहिनी सगळ्यांत पुढे होत्या. आईची पिशवी त्यांनी खिडकीतून आत ढकलली आणि मला म्हणाल्या, "एकटी ठेवू नको हो गो तिला. माणसांत वाढलेली आहे ती."

मी म्हटलं, "वहिनी, वीस घरांची कॉलनी आहे आमची. एकटी कशी पडेल?"

गाडी सुटली. खेडच्या डेपोत दुसरी गाडी लागेपर्यंत आई बाकावर बसून राहिली, चहाही नको म्हणाली.

जयावहिनी, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि वाडीतून माझ्यासारखे जे उठून गेले त्यांच्यासाठीही. आई गेल्यावर मी तुम्हांला एक पत्र लिहिलं होतं. त्यात मी खोटं लिहिलं. पाच वर्षं झाली. आता ते मला पोटात ठेवता येत नाही.

आमची कॉलनी गावाबाहेर सड्यावर, उघड्या माळावर. खाली सगळा कातळ, वर जांभ्याची वीस घरं, प्रत्येकाला कंपाउंड, प्रत्येकाच्या दाराला बेल. राहणारे सगळे नोकरदार: कचेरीतले कारकून, बँकवाले, शाळामास्तर. सकाळी साडेनवाची बस भरून शहरात जाते आणि संध्याकाळी सहानंतर ती माणसं परत आणून सोडते. मधल्या वेळात कॉलनीत वारा असतो. दिवसा घरी असणाऱ्या आम्ही तिघीचौघी, त्याही टोकाटोकाला. नवीन कोणी घर बघायला आलं की आमचे लोक अभिमानाने सांगतात, "एकदम शांत आहे हो." मीही सांगत असे. केळशीत बोलावल्याशिवाय कोणीही आत यायचं, चुलीवर काय शिजतंय ते बघायचं, त्याला नावं ठेवायचं. त्या कटकटीतून सुटले म्हणून लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी खरंच खूष होते. खोटं कशाला बोलू, एकदा बोलले तेवढं पुरे.

आईने आल्या दिवसापासून पायरीवर बसायला सुरुवात केली. सकाळी बसला पळणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "काय, निघालात?" संध्याकाळी, "आलात?" लोक भले होते. मान हलवायचे, घड्याळ बघायचे आणि पुढे जायचे. कोणी थांबेल म्हणून आईने पायरीवर शेजारी जागा ठेवलेली असायची. महिन्याभराने मला म्हणाली, "इथली माणसं जातात नि येतात. राहतात कधी गो?" मी हसले आणि ह्यांनाही ते गंमत म्हणून सांगितलं. पुढे ती पायरीवर बसेनाशी झाली. घरात खाटेवर पडून असायची. दारावरची बेल वाजली की उठून बसायची. बेल बहुतेक पोस्टमनची असे.

ती गेली तो कामाचा दिवस होता. सकाळचे अकरा वाजले असतील, मुलं संध्याकाळपर्यंत शाळेत होती. पेजेचा वाडगा हातात घेतला, दोन घोट प्याली, आणि मान टाकली. मी ओरडले. मग दारात येऊन पुन्हा ओरडले. समोर वीसपैकी जेवढी घरं दिसत होती तेवढ्यांना कुलपं होती. एक कावळा उडाला, बाकी काही हाललं नाही.

मयताला एकटं टाकून जायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. म्हणून मी आत आले, आईला जमिनीवर घेतलं, उशाशी दिवा लावला आणि बसून राहिले. बाराच्या सुमाराला पोस्टमन आला. त्याच्याकडे ह्यांच्या ऑफिसात निरोप दिला. बिचाऱ्याने बाकीचं टपाल तसंच ठेवून सायकल उलटी फिरवली.

एक वाजता शेजारच्या बाई शाळेतून आल्या. सकाळची शाळा त्यांची. कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांची छत्री सरकताना मी खिडकीतून पाहिली, फाटकाची कडी वाजली, कुलूप निघालं. मला वाटलं, आता ह्या येतील. वहिनी, तुम्हीच सांगा, आपल्याकडे मरण झालं म्हणून कोणी कोणाला सांगायला जातं का? रडणं ऐकू येतं आणि माणसं हातातलं टाकून धावतात. पण माझं रडणं अकरालाच संपलं होतं, आणि ते ऐकायला त्या इथे नव्हत्या. चार पावलांवर जाऊन बेल दाबावी आणि "माझी आई गेली" असं सांगावं, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी बहुधा लाज वाटली असती. मी वाट बघत बसले.

मग त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. हिंगमोहरीच्या फोडणीचा वास खिडकीतून आला, माझ्या आईच्या अंगावरून गेला. आपल्या वाडीत मयत उचलेपर्यंत एकाही घरात चूल पेटत नाही, तान्ह्या पोराला सुद्धा गार दूध देतात. आणि इथे भिंतीपलीकडे आमटी उकळत होती. मला त्या बाईंचा इतका राग आला की आईसाठी यायचं रडू त्यात आटून गेलं. ते रडू मला पुन्हा कधीच नीट आलं नाही.

दोन वाजता हे आले, बरोबर ऑफिसातले दोघे. रिक्षाचा आवाज ऐकून शेजारच्या बाई बाहेर आल्या आणि काय झालं ते कळल्यावर भिंतीला धरून खालीच बसल्या. "अहो, सांगायचं तरी," एवढंच म्हणत राहिल्या. आईला आंघोळ घालायला त्याच माझ्याबरोबर होत्या. त्यांच्या हाताला फोडणीचा वास होता आणि त्या रडत होत्या. माझ्याहून जास्त. त्यांना दोष कसा देऊ? खांद्याला चौथा माणूस मिळेना, तेव्हा रिक्षावाल्याने आपणहून चपला काढल्या. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी नेहमीची बस आली. भाजीच्या पिशव्या घेऊन माणसं आमच्या फाटकावरून गेली. बहुतेकांना दोन दिवसांनी कळलं.

तुम्हांला मी लिहिलं, "सगळी कॉलनी धावून आली. दिवसभर कोणाच्या घरी चूल पेटली नाही. आईचं सोनं झालं."

तुमचं उत्तर आलं, धाकट्याकडून लिहून घेतलेलं. "पत्र सकाळीच आलं. वाचून बरं वाटलं, तिथेही माणसं भेटली म्हणायची. आम्हीही वाडीत सांजेपर्यंत चूल पेटवली नाही. पोरांना पोहे नि गूळ दिला." तुम्ही चूल बंद ठेवलीत तेव्हा आई जाऊन आठवडा झाला होता. ते पत्र मी ह्यांनाही दाखवलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तर मी निदान दुखावलेली लेक तरी राहिले असते. पण मागच्या वर्षी, आईनंतर समोरच्या घरात राहायला आलेले आजोबा गेले. सकाळी दहाला. माझा भात गॅसवर होता. सुनेचं रडणं ऐकलं आणि हाताने आपोआप गॅस बंद केला. धावत गेले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, बसले. परत आले तर तीन घरांतून शिट्ट्या येत होत्या. अर्धवट भाताकडे बघत मी उभी राहिले. मुलं साडेबाराला शाळेतून येणार होती. मनात आलं, मी एकटीने कोणासाठी बंद ठेवू? आजोबांचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. फाटकावर पाटी मुलाच्या नावाची.

मी काडी ओढली. भात झाला, आमटी झाली. मुलं जेवली. मीही जेवले. भूक लागली होती.

तेव्हा कळलं की आईला मी कुठे आणून ठेवलं होतं, आणि मीही आता तिथलीच झाले आहे. कोणी विचारलं तर घर केळशी म्हणून अजून सांगते. पण जिथे आपल्यासाठी कोणी उपाशी राहतं ते घर, असं मानलं तर केळशी माझं घर आहे आणि मी केळशीची नाही. एक दिवस माझंही पत्र जाईल तुम्हांला. ह्यांच्या हातचं असेल, मुलांच्या हातचं असेल. वहिनी, त्या दिवशी चूल पेटवा. जेवून घ्या.